जाताना आठ, येताना तीन

मुंबईपासून सिंगापूर जवळजवळ चार हजार किलोमीटर आहे. मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, तिथल्या मोठ्या नकाशाच्या पुस्तकावर शिवणाचा दोरा धरून मी ते मोजलं होतं. दादा पहिल्यांदा गेला त्याच आठवड्यातली गोष्ट. नकाशा सपाट असतो, पृथ्वी गोल असते, त्यामुळे दोऱ्याचं माप नेमकं येत नाही हे मला ठाऊक होतं. मला नेमकं माप नकोच होतं. दादा कुठल्या दिशेला गेलाय ते बोटांना कळायला हवं होतं. दोरा मुंबईवरून तिरका खाली गेला, आंध्रच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरला आणि बराच वेळ निळ्यावरूनच चालत राहिला. आमचं कोल्हापूर त्याच्याखाली येत नव्हतं. थोडं खाली, बाजूला राहत होतं.

संध्याकाळी घरी येऊन आईला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "जाताना आपल्या डोक्यावरनं जातंय का इमान?"

"नाही. जरा बाजूनं."

"मग येताना येत असंल," ती म्हणाली आणि एक खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

आमचं घर कसबा बावड्यात, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. मी कॉलेजात असताना ते गेले. दादा डिप्लोमा करून शिरोलीच्या एका फौंड्रीत लागला होता, आणि तिथून नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्याला सिंगापूरची नोकरी मिळाली. जहाजाला लागणारे ओतीव भाग तपासायचं काम. त्याआधी आमच्या गल्लीतून कुणी विमानात बसलं नव्हतं. निघायच्या दिवशी त्यानं आईसाठी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, फडताळाशेजारी, पेन्सिलीनं ठळक लिहून ठेवलं: मुंबई रात्री साडेअकरा, सिंगापूर सकाळी साडेसात.

आई चौथी शिकलेली. ते वाचून तिनं बोटांवर मोजलं आणि जाहीर केलं, "आठ तास."

पुढच्या वर्षी तो पहिल्या सुट्टीला आला. त्याचं जेवणही व्हायच्या आत आईनं विचारलं, तिकडनं किती वाजता निघालास आणि मुंबईत किती वाजता उतरलास? त्यानं सांगितलं. आईनं तीच पेन्सिल शोधून काढली आणि पहिल्या ओळीखाली आपल्या हातानं लिहिलं: सिंगापूर सव्वासहा, मुंबई सव्वानऊ. पुन्हा बोटं मोजली.

"येताना तीनच!" ती म्हणाली. तिला इतका आनंद झालेला मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

मी लगेच समजवायला बसले. तिथं सूर्य आधी उगवतो, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं असतं, दोन्हीकडचा प्रवास खरं तर साडेपाच तासांचाच. ग्रंथालयातून पृथ्वीचा गोल आणला, कंदील लावला, गोल फिरवून दाखवला. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सूर्य एकच हाय न्हवं?"

"हो."

"मग? हितं भोंगा झाला की समद्या बावड्यात सात वाजत्यात. का समोरच्या घरात सात आणि आमच्यात साडेचार?"

कारखान्याच्या भोंग्यावर तिचं सगळं आयुष्य चाललं होतं. वडिलांच्या पाळ्या, आमच्या शाळा, चुलीवरचं पाणी. वेळ वरून येते आणि सगळ्यांना एकच असते, हे तिला पाठ होतं. मी दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. एकच वाट, एकच विमान, मग जायला आठ आणि यायला तीन कसे लागतील?

त्यावर ती हसली. "एवढी पुस्तकं वाचतीस आणि दारावरनं जाणाऱ्या गाड्या बघितल्या न्हाईस व्हय? ऊस भरलेली गाडी कारखान्याकडं कशी जाती? रडत रडत. आणि रिकामी परत येती तवा? बैलाचं तोंड घराकडं झालं की त्याला हाकावं लागत न्हाई. जाताना माणूस भरल्या गाडीनं जातंय. येताना रिकाम्या गाडीनं येतंय."

दादा तिथंच बसला होता. तोही इंजिनिअर माणूस, पण गालातल्या गालात हसत भात कालवत राहिला. नंतर मी त्याच्यावर चिडले, तर म्हणाला, "असू दे गं. तिच्या हिशोबानं तरी मी जवळ राहतो."

आईनं तो हिशोब गल्लीभर केला. आमच्या समोर राहणाऱ्या काकूंचा मुलगा पुण्याला होता. त्या काळी पुण्याला एस.टी.नं सहा तास सहज जात. नळावर घागर लावून आई काकूंना म्हणायची, "तुझं सहा तासाचं, आमचं तीन तासाचं. सिंगापूर पुण्यापेक्षा अलीकडं हाय, बाई."

"अलीकडं हाय तर दिसत कसा न्हाई?" काकू म्हणायच्या.

"कामाचं माणूस हाय त्ये. तुझ्यागत दिवसभर नळावर बसत न्हाई."

बायका हसायच्या. काकूही हसायच्या. अशा रीतीनं आमच्या गल्लीत सिंगापूर तीन तासांवर येऊन बसलं. विहारात, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात कुणी विचारलं, की लोक आईच्या आधीच सांगायचे.

सुरुवातीला दादा दर वर्षी यायचा. मग तिकडं राहिलेल्या एका नागपूरकडच्या कुटुंबातल्या मुलीशी त्याचं लग्न झालं, मुलं झाली, आणि तो वर्षाआड यायला लागला. मग त्याहून कमी. फोन मात्र चुकायचा नाही. आधी कोपऱ्यावरच्या बूथवर, नंतर आमच्याच घरी. आई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची आणि प्रत्येक वेळी एकच विचारायची, "कधी येतोस? तीन तासाचं तर हाय."

"होय आई, तीनच तास. रिकामी गाडी जुंपली की आलोच."

मी शेजारी उभी राहून हे ऐकायची. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही याला एकच एक कारण नाही आणि इथं ते सांगायचंही नाही. सकाळी ग्रंथालय, संध्याकाळी आई. ती म्हातारी होत गेली तशी तिला थंडी सोसेनाशी झाली. सांधे आखडायचे. उन्हाळ्यातसुद्धा पायात मोजे आणि अंगावर वडिलांचा कारखान्यातला जाड कोट. फ्रीजमधलं पाणी तिनं कधी तोंडाला लावलं नाही. एकदा दवाखान्यात तिला गार हवेच्या खोलीत ठेवलं, तर तिनं माझा हात धरून लहान मुलीसारखं सांगितलं, "मला हितनं ने. मला गार पडू देऊ नको."

मी तिला घरी आणलं. त्यानंतर वर्षभरातच, एका उन्हाळ्यात, सकाळी उठवायला गेले तर ती उठली नाही.

पहिला फोन दादाला केला. आई गेली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ठेव गं तिला. मी येतो. मला तिचं तोंड बघायचंय."

मी "बरं" म्हणाले.

ऊन चढायच्या आत गल्ली जमली. आबा आले. आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आयुष्यभर त्यांनी बैलगाडीनं कारखान्याला ऊस वाहिला होता, आवाज त्या गाड्यांवरचाच. अंगणात खुर्ची ओढून ते बसले.

"पोराला कळवलं?"

"कळवलं, आबा."

"मग झालं. तीन तास त्ये, आणि मुंबईपास्नं आठ-नऊ. दिवस मावळायला हितं. थांबूया. आईचं तोंड बघायला पायजे पोराला."

सगळ्यांनी माना हलवल्या. पोरगा तीन तासांवर आहे आणि आई त्याची वाट बघत गेली, म्हटल्यावर थांबायचं हे ठरलेलंच होतं. मी आईला पांढरं पातळ नेसवलं. उशाशी मेणबत्ती लावली. बायका येत होत्या, पायाशी फुलं ठेवत होत्या, आणि बाहेर पुरुष मधूनमधून रस्त्याकडे बघत होते.

दुपारी दादाचा फोन आला. त्या दिवशीच्या कुठल्याच विमानात जागा मिळत नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची मिळाली होती. म्हणजे तो तिसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात. त्याचा आवाज बसला होता. "मी विमानतळावरच बसून आहे. ठेवता येईल का गं? बर्फ मिळतो ना?"

मी बाहेर येऊन आबांना सांगितलं, दादा आज येत नाही.

"का? इमानं बंद हायत?"

"जागा मिळाली नाही."

"तीन तासाला जागा कशाला लागती बसाय? हुभा राहून यायचं की!"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. काकू दाराशीच होत्या. त्या हळू बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आमचा पुण्याचा असता तर टपावर बसून आला असता."

मी उंबऱ्यात उभी होते. सांगायचं एवढंच होतं: ते तीन तास खरे नाहीत. साडेपाच तास विमानात, त्याआधी विमानतळावर, आणि जागा मिळाली नाही तर काहीच नाही. दोन वाक्यांत दादा सुटला असता. पण आई आत होती. जे तिनं दहा वर्षं नळावर, विहारात, दारोदार सांगितलं, ते चुकीचं होतं असं मी तिच्याच अंगणात, ती असताना, कसं सांगणार होते? आणि नाही सांगितलं तर दादा तीन तासांच्या अंतरावरून आईला न आलेला मुलगा ठरत होता. आईचा शब्द राखावा की दादाचं नाव? मी जन्मभर पुस्तकं लावून ठेवली. कुठलं कुठं जातं हे मला चटकन कळतं. त्या दुपारी कळेना.

"बर्फाच्या लाद्या आणूया," आबा म्हणाले. "टेम्पो घेऊन जावा कुणीतरी. दोन दिवस काय, चार दिवस राहतंय माणूस."

दोघं तरुण उठलेसुद्धा. मी आत बघितलं. आईच्या पायात अजून मोजे होते. कुणी काढले नव्हते आणि मीही काढले नव्हते.

"बर्फ नको," मी म्हणाले.

"मग गं?"

"थांबायचं नाही. आजच नेऊया. मी देते अग्नी."

आबा खुर्चीतून उठले. "आपल्यात पोरीनं द्यायला आडकाठी न्हाई. पर भाऊ जिता हाय, येतो म्हणतोय. त्याची वाट बघायची न्हाई?"

"मीच त्याला सांगितलं," मी म्हणाले, "धावपळ करू नको म्हणून. त्याचं काही नाही त्यात."

हे मी सांगितलं तेव्हा माझा आवाज सरळ होता. थोड्या वेळानं बौद्धाचार्य आले, आम्ही सगळ्यांनी त्यांच्यामागून त्रिसरण आणि पंचशील म्हटलं, आणि खोटं न बोलण्याच्या शीलापाशी आल्यावर मात्र माझा आवाज निघेना. लोकांना वाटलं, रडतेय.

आमच्याकडे दहनाला लाकूड नसतं, शेणी, म्हणजे गोवऱ्या, असतात. शेणी हळू पेटते. मी अग्नी दिला तेव्हा बराच वेळ नुसता धूर होता. आबा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. परत येताना बायका माझ्यापासून जरा अंतर ठेवून चालत होत्या. पोरीनं भावाची वाट बघितली नाही, हे त्या दिवसापासून माझ्या नावावर जमा झालं. अजून आहे.

घरी येऊन दादाला फोन केला. "आईला नेलं," एवढंच म्हणाले.

तो "बरं" म्हणाला. सकाळी मी म्हणाले होते तसंच. आणि फोन ठेवला.

दुसरा दिवस कसा गेला ते मला फारसं आठवत नाही. माणसं येत होती, जात होती. कुणी चहाचं सामान घेऊन आलं, कुणी पिठलं-भाकरी. स्वयंपाकघरात गेले की भिंतीवरच्या त्या दोन ओळी समोर यायच्या. वरची दादाच्या हातची, खालची आईच्या हातची, ओळ चढत वर गेलेली. संध्याकाळी सव्वासहाला मी घड्याळ बघितलं, पण ते आपलं घड्याळ होतं. तिकडं तो केव्हाच आकाशात असणार. तेवढ्या वेळेपुरतं मला सगळीकडं एकच वाजणारं आईचं घड्याळ हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन. आमच्याकडे अंत्ययात्रेला न जमलेली माणसंही रक्षाविसर्जनाला येतात. स्मशानात बरीच गर्दी होती. कळशीत पाणी भरून ठेवलं होतं. राखेवर पाणी शिंपडायचं, ती निववायची आणि मग गोळा करायची. आबांनी कळशी उचलायला सांगितलं तेवढ्यात फाटकाशी एक जीप थांबली. दादा उतरला. हातात एकच पिशवी, पँट-शर्ट चुरगाळलेला, डोळे सुजलेले. तो घरी न जाता थेट इकडंच आला होता.

लोकांनी वाट दिली. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी मान खाली घातली. तो आबांच्या पाया पडायला वाकला, तर आबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्यांच्या आवाजात म्हणाले, "आलास? तीन तासाला दोन दिवस लागलं व्हय रे तुला?"

काकू पदर तोंडाला लावून बघत होत्या. मला वाटलं, आता तो सांगणार. अडीच तासांचा फरक, जागा, रांगा, सगळं. त्याला हक्क होता. आणि आईची ती ओळ आता सगळ्यांसमोर खोडली जाणार.

दादा सरळ झाला. तोंडावरून हात फिरवला.

"लागलं, आबा," तो म्हणाला. "ह्या खेपेला येताना भरल्या गाडीनं आलो."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांचा जबडा जरा हलला. आयुष्यभर ते भरल्या गाडीबरोबर चालले होते.

"मग लागायचंच," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "भरली गाडी चढाला लागली की बैलाचं काय चालतंय." आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढं केलं.

कळशीवाला पुढं झाला. दादा म्हणाला, "जरा थांबा." तो राखेपाशी गुडघ्यांवर बसला. वरची राख पांढरी, निवलेली होती. त्यानं बोटं हळूहळू आत घातली. मग हात तसाच ठेवला.

"गरम हाय गं अजून," तो मला म्हणाला. माझ्याशी बोलताना त्याच्या तोंडून मी इतक्या वर्षांत घरची बोली ऐकली नव्हती.

मी त्याच्याशेजारी बसले. "लोक बर्फ आणणार होते," मी म्हणाले. "तिच्या पायात मोजे होते."

त्यानं मान हलवली. त्यानं हात बाहेर काढला तेव्हा तो मनगटापर्यंत पांढरा होता. मग आबांनी स्वतः कळशी घेतली आणि अगदी कडेकडेनं पाणी सोडलं.

आईच्या पुण्यस्मरणाचा जलदान विधी होईपर्यंत दादा राहिला. आम्ही दोघं फार बोललो नाही. आईचे कपडे वाटले, कोट मात्र तो घेऊन गेला. निघताना म्हणाला, "तू चल माझ्याकडे. एकटी काय करणार इथं?" मी म्हणाले, बघू. पासपोर्ट काढला, तो कपाटात पडून आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो. तब्येत, पाऊस, मुलांच्या परीक्षा. कधी येतोस हे विचारायचं काम आईचं होतं. ते मी घेतलेलं नाही, आणि तोही आपणहून सांगत नाही. फोन ठेवल्यावर घर पहिल्यापेक्षा जास्त शांत होतं. म्हणून कधीकधी मी तो जरा उशिरा उचलते, म्हणजे तेवढा वेळ तो वाजत तरी राहतो.

हंगामात अजून काही बैलगाड्या दारावरून जातात. बाकी सगळे ट्रॅक्टर. रिकाम्या गाडीचे घुंगरू वेगळे वाजतात, हे आता मला न बघता ओळखू येतं.

मागच्या महिन्यात ग्रंथालयात कुणी नव्हतं. तेच नकाशाचं पुस्तक काढलं, शिवणाचा दोरा घेतला आणि या वेळी उलट्या बाजूनं धरला. सिंगापूरहून निघून, निळ्यावरून, आंध्रच्या किनाऱ्यावर, मुंबईपर्यंत. दोरा पूर्वीइतकाच भरला. कोल्हापूर पूर्वीसारखंच खाली, बाजूला राहिलं. मी दोरा गुंडाळून ठेवला. बाहेर कुणीतरी पुस्तक परत द्यायला आलं होतं.